बर्फातलं ऊन आणि बावचीचं तेल

२००६ साली मी सत्तर वर्षांचा होतो, आणि अंगाला काही नवीन होण्याचं वय आता गेलं असं समजून चाललो होतो. गुडघे धड होते, निम्मे दात स्वतःचे होते. कॉव्हेंट्रीच्या फाउंड्रीत उभा जन्म भट्टीसमोर काढूनही छाती साफ होती. शाळा म्हणाल तर चौथी, तीही गुरुजींनी पुढं ढकललेली. तेव्हा लिहिण्यात चुका असतील त्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी दुरुस्त कराव्यात, मजकूर मात्र बदलू नये. आपल्या लोकांत असे बरेच आहेत की ज्यांना एक गोष्ट दडवायची असते आणि ते तिच्यावर गुपचूप काहीतरी चोळत बसतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी त्यांच्यातलाच.

मला कोड फुटलं होतं.

*

आदल्या साली पानं गळायच्या दिवसांत दाढी करताना पहिला ठिपका दिसला. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला, चुन्याचं बोट लागल्यासारखा. साबण राहिला असेल म्हणून पुसला, गेला नाही. महिनाभरात ओठाच्या कोपऱ्यात एक आला आणि हाताच्या बोटांच्या पेरांवर तीन-चार आले.

आमच्या जीपीनं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरनं, दिवा लावून बघितलं आणि इंग्रजी नाव सांगितलं. म्हणाला, दुखत नाही, पसरलं तर पसरेल, दुसऱ्याला लागत नाही, या वयात काही करायची गरज नाही. उन्हाळ्यात डागांवर क्रीम लावत जा, ती जागा भाजते. एवढं बोलून त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. मी खुर्चीतून उठताना विचारलं, हे घराण्यात उतरतं का? तो म्हणाला, कधीकधी. बस्स, मला तेवढंच ऐकू आलं. क्रीमचं त्यानं काय सांगितलं ते मी कानाआड केलं.

येताना बसमध्ये सुमन, म्हणजे माझी बायको, खिडकीकडे तोंड करून बसली होती. आमचा स्टॉप यायच्या जरा आधी ती हळू आवाजात म्हणाली, "केतकीचं होईपर्यंत कुणाला कळता कामा नये."

केतकी म्हणजे आमची नात, आमची लेक नंदा हिची मुलगी. जन्म लेस्टरचा, तिथंच शाळेत शिकवते. वॉटफर्डला राहणाऱ्या निखिल नावाच्या पुण्याच्या मुलाशी तिनं आपलं आपण जमवलं होतं. मुलगा कॉम्प्युटरवाला, सरळ, जरा अबोल. त्याचे आईवडील ईस्टरच्या सुट्टीत पुण्याहून येणार होते, आमची माणसं बघायला. पोरांनी ठरवलं तरी थोरांनी घर बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आणि आम्ही दोघं ज्या गावाकडून आलो, तिथं चुलतीच्या पाठीवर डाग आहे म्हणून पुतणीचं लग्न मोडलेलं सुमननं डोळ्यांनी बघितलं होतं.

झालं. मी घरातसुद्धा टोपी घालायला लागलो. माणसं आली की डावी बाजू त्यांच्याकडे करून बसायचो. बाहेर जायचं असलं की सुमन तिच्या पावडरीच्या डबीतलं थोडं माझ्या डोळ्याच्या कडेला थापायची. ती पावडर गोऱ्या बायांच्या रंगाची. डाग झाकायचा राहिला बाजूला, दुसराच डाग पडल्यासारखं दिसायचं.

*

माझ्या भाच्यानं गावाकडच्या वैद्याकडून कोडावर लावतात ते बावचीच्या बियांचं तेल पाठवलं. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. फोनवर त्यानं वैद्याचं सांगणं जसंच्या तसं सांगितलं. डागावर बोटभर लावा, कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसा, मग साबणानं धुऊन टाका, जास्त थांबू नका. डोळ्याजवळ लावू नका हेही सांगितलं होतं. वैद्याला मी दोष देणार नाही. त्यानं माप दिलं होतं.

पण कॉव्हेंट्रीला थंडीत ऊन कुठून आणायचं? रोज सकाळी तेल लावून मी मागच्या खोलीत खिडकीशी बसायचो. समोर शेजाऱ्याची भिंत, वर गोधडीसारखं आभाळ. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. डाग होते तसेच, उलट एक नवा आला. तेल होतं, ऊन नव्हतं. ईस्टर जवळ यायला लागला तशी सुमन रोज सकाळी माझा चेहरा उजेडाकडे वळवून बघायची आणि भांडी घासायला जायची.

मार्चमध्ये एका रविवारी केतकी जेवायला आली होती. ती आणि निखिल स्कॉटलंडला चालले होते, एव्हिमोरच्या बाजूला, स्कीइंगला. डोंगरावरून सुसाट खाली यायचं ते नव्हे. दुसरं, सपाटीवर जंगलातून चालत-घसरत जायचं ते. तिथं भरपूर बर्फ पडलाय आणि सगळा आठवडा कडक ऊन सांगितलंय, असं ती बोलता बोलता म्हणाली.

मी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणालो, मी येतो.

केतकीला आधी गंमत वाटली, मग आनंद झाला. निखिललाही आजोबांशी नीट बोलायला मिळेल म्हणाली. सुमन माझ्या मागं स्वयंपाकघरात आली. तिला सगळं समजलं होतं.

"बर्फ बघायला चाललाय की ऊन खायला?"

"दोन्ही."

"चाळीस वर्षांत कधी बर्फात पाय घातला नाहीत. पडलात तर?"

"पडलो तर उठेन," मी म्हणालो. बाटली तिनंच माझ्या मोज्यात गुंडाळून दिली.

*

तिथं भाड्यानं घेतलेलं लाकडी घर होतं. पहिल्या सकाळी पडदा सारला आणि डोळे दिपले. मागं झाडं, पुढं पांढरं, वर निळं. थंडीच्या दिवसांत इतका उजेड मी या देशात कधी बघितला नव्हता. बाथरूमची कडी लावून मी तेल काढलं. बोटभर सांगितलं होतं, मी चांगलं तळहातावर घेतलं. ओठाला, बोटांना, आणि डोळ्याच्या कडेला अगदी पापणीपर्यंत. माझा हिशोब साधा होता. गावाकडचं ऊन घट्ट, इथलं पाणी घातलेल्या दुधासारखं पातळ. मग तेलही जास्त पाहिजे आणि वेळही.

बाहेर केतकी क्रीमची ट्यूब घेऊन उभी होती. निखिलच्या नाकावर तिनं आधीच पांढरा पट्टा ओढला होता. मला म्हणाली, बर्फावरून ऊन उलटं वर येतं, हनुवटीखालीसुद्धा भाजतं, थंडी असते म्हणून कळत नाही. मी म्हणालो, तुझा आजोबा वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहिलाय, त्याला बर्फ काय भाजणार? हे गोऱ्यांचं लोणी गोऱ्यांना लाव. ती हसली आणि ट्यूब खिशात टाकली. काळा चष्मा तेवढा तिनं जबरदस्तीनं माझ्या डोळ्यांवर चढवला.

त्या पट्ट्या अरुंद आणि माणसापेक्षा लांब. बुटाचा फक्त चवडा त्यांना अडकवतात, टाच मोकळी. दोन हातांत दोन काठ्या. झाडांमधून मशीननं दोन खाचा पाडून ठेवलेल्या, त्यांतून जायचं.

"आजोबा, पाय उचलायची नाही. सरकवायची," केतकी पुढून सांगत होती. तिचं मराठी असंच आहे, पण ती ते सोडत नाही.

पहिल्या वळणावर मी पडलो. निखिलनं हात पुढं केला, मी घेतला नाही. काठी रोवून उठलो. परत पडलो, परत उठलो. मग अंग पुढं टाकायचं गुपित सापडलं आणि पाय आपोआप जायला लागले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. केतकी मागं वळून बघायची आणि अंगठा वर करायची.

जंगल संपून तळं आलं, सगळं गोठलेलं, त्याच्यावर ऊन चमकत होतं. मी म्हणालो, मी इथं ओंडक्यावर बसतो, तुम्ही तळ्याला फेऱ्या मारून या. ती दोघं ठिपक्याएवढी झाल्यावर मी टोपी मागं सारली, चष्मा काढून खिशात टाकला, कारण त्याची कड नेमकी डागावर येत होती. हातमोजेही काढले. तोंड सूर्याकडे करून बसलो. ती दोघं आली की चष्मा लावायचो, गेली की काढायचो. दुपारी डब्यातले पराठे तिथंच खाल्ले. वारा इतका गार होता की अंगाला ऊन लागतंय हे कळतसुद्धा नव्हतं. मला वाटलं, कमीच पडतंय. म्हणून मी अजून थोडा वेळ बसलो, आणि अजून थोडा वेळ.

*

संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. चेहरा जरासा ताणलेला, बाकी काही नाही. तेल मी धुतलं नाही. आत मुरू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गालाची आग व्हायला लागली. उजेड सोसवेना. पाय दुखतात म्हणून मी घरी राहिलो आणि पडदे ओढून घेतले. सुमनला फोन करून सांगितलं, चुणचुणतंय, औषध लागू पडतंय. ती म्हणाली, फार लावू नका. मी म्हणालो, ईस्टरपर्यंत साफ होतंय बघ.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या चिकटल्या होत्या. बोटांनी चाचपलं तर कपाळापासून हनुवटीपर्यंत पाण्यानं भरलेले फोड, काही फुटून उशीला चिकटलेले. हातांच्या पाठीवर तेच. बोलायला गेलो तर ओठ हलेना. केतकी चहा घेऊन आली होती. तिच्या हातातला कप खाली पडल्याचा आवाज आला आणि मग ती निखिलला हाका मारत धावली.

*

जवळच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मला दाखल केलं. त्याच्याबद्दल मी डोळ्यांनी बघितलेलं काही सांगू शकत नाही, कारण दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आवाज सांगतो. सकाळी चाकांच्या गाडीचा खडखडाट, मग थंड बोटं आणि डोळ्यांत थेंब. मग तोंडावर ओल्या पट्ट्या. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा मेंढपाळ होता, तो झोपेत कुत्र्याला शिट्या मारायचा.

मोरा नावाची एक नर्स होती. पहिल्या जेवणाला तिनं चमचा माझ्या तोंडाशी आणला तेव्हा मी तोंड मिटून घेतलं. मी कुणाकडून भरवून घेत नाही. तिनं वाद घातला नाही. चमचा माझ्या मुठीत दिला आणि म्हणाली, ताट म्हणजे घड्याळ समज. बटाटा बारावर आहे, वाटाणे तीनवर, मासा सहावर. मी सांडत-लवंडत खाल्लं, पण माझं मी खाल्लं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टर बाई होती, तरुण आवाजाची. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, कातडीला काही लावलं होतं? क्रीम, तेल, घरगुती काही? केतकी आणि निखिल दोघं खाटेशी उभे होते. मी म्हणालो, नाही. पोटात काही घेतलं? नाही. झाडपाल्याला हात लागला? नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच परत विचारलं. म्हणाली, एका दिवसाच्या उन्हानं तुमच्यासारख्या कातडीचं एवढं होत नाही, मला हे जुळत नाहीये. डावा डोळा सुधारतोय, उजव्याच्या बुबुळावर जखम आहे आणि ती पसरतेय. जंतू असतील तर औषध एक, बाहेरचं काही गेलं असेल तर दुसरं, आणि एकाच्या जागी दुसरं दिलं तर डोळा जाईल.

"आम्ही अंदाजानं चाललोय, मिस्टर जाधव," ती म्हणाली. "डोळ्याच्या बाबतीत मला अंदाज आवडत नाही."

मी परत नाही म्हणालो. तेलाचं सांगितलं की तेल कशासाठी हे विचारणार. कशासाठी हे सांगितलं की निखिल ऐकणार. निखिलनं ऐकलं की पुण्याला कळणार. नातीचं लग्न माझ्या तोंडावर लटकत होतं आणि माझं तोंड फोडांनी भरलेलं.

संध्याकाळी केतकीनं तिचा मोबाइल माझ्या कानाला लावला. सुमन होती.

"सांगितलंत का?"

"नाही."

"अहो, डोळा जाईल तुमचा."

"एक आहे ना अजून."

केतकीनं विचारलं, आजी काय म्हणते? मी म्हणालो, बॉयलर बिघडलाय म्हणते. हे सुमननं तिकडून ऐकलं. तिनं फोन आपटला.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मोरानं पट्टी काढली आणि उजव्या डोळ्यासमोर बोटं धरली. किती आहेत विचारलं.

मला बोटं दिसली नाहीत. हात दिसला नाही. हात आहे हेही कळलं नाही. सगळं दुधाळ, जसं कुणी आतून काचेला चुना फासलाय. मी म्हणालो, परत धर. ती म्हणाली, धरलाय.

भट्टीवर माझ्या डोळ्यादेखत माणसाचा पाय भाजला, तेव्हा मी घाबरलो नव्हतो. त्या दुपारी घाबरलो. एक आहे ना अजून, हे फोनवर म्हणायला सोपं असतं. आणि डाव्याचंही उद्या असंच झालं तर? जन्मभर ताटात घड्याळ शोधायचं?

मी मोराला म्हणालो, डॉक्टरला बोलाव. केतकीला म्हणालो, निखिलला घेऊन खाली जा, दोघं चहा पिऊन या, मला जरा पडायचंय. पावलं गेली, दार लागलं. डॉक्टर आली. मग मी माझ्या फाउंड्रीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. चेहऱ्यावर पांढरे डाग आहेत. इंडियाचं तेल आहे. रोज लावतो. त्या दिवशी दुप्पट लावलं, डोळ्यापर्यंत. मुद्दाम उन्हात बसलो. चष्मा काढला.

ती रागावली नाही. नाव विचारलं. मी बावची म्हणालो, तिला ते समजलं नाही. तिला बाटली पाहिजे होती. आणि लगेच.

"बाटली कुठे आहे, आजोबा?"

आवाज खाटेच्या पायथ्याकडून आला. निखिलचा.

मी विचारलं, "तू गेला नव्हतास?"

"नाही. केतकी एकटीच गेली."

"तिकडं लाकडी घरात, शेव्हिंगच्या पिशवीत आहे. मोज्यात."

"आणतो," तो म्हणाला, आणि त्याची पावलं गेली. धावत गेली.

तो येईपर्यंत त्यांनी माझा डोळा पाण्यानं धुतला, परत परत धुतला. चेहऱ्यावरचं सगळं काढलं. केतकीला कुणी सांगितलं मला माहीत नाही. ती येऊन माझ्या पायांवर हात ठेवून बसली. अंधार पडायच्या आत निखिल बाटली घेऊन आला. डॉक्टरनं आणखी कुणाला तरी फोन लावून विचारलं आणि थेंब बदलले.

नंतर माझ्या खाटेशी तो एकटाच राहिला तेव्हा मी विचारलं, "घरी सांगणार आहेस?"

"ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "आजोबा, मला वाटायचं मी तुम्हाला आवडत नाही. इतक्या वेळा घरी आलो, तुम्ही एकदाही माझ्याकडे सरळ तोंड करून बोलला नाहीत."

पट्ट्या होत्या म्हणून बरं. त्या ओल्या झाल्या तर औषधानं झाल्या असं म्हणता येतं.

*

डोळा परत आला, पण हळूहळू. आधी खिडकी कुठं आहे ते कळलं. मग हात. मग एका सकाळी बोटं, आणि ती चार होती, आणि मी चार म्हणालो. मोरानं माझा खांदा जोरात दाबला. आजही उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात धुकं आहे, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. गाडी मी सोडून दिली. बाकी चालतं.

अंगावर काय चोळता ते डॉक्टरला पहिल्या दिवशी सांगा. मी तिसऱ्या दिवशी सांगितलं, त्या धुक्याचं कारण तेवढंच आहे. आणि बर्फात गेलात तर क्रीम लावा, चष्मा काढू नका, कातडी कुठल्याही रंगाची असो. थंडीतलं ऊन हाक मारून येत नाही.

कॉव्हेंट्रीला आलो तेव्हा खपल्या पडून गेल्या होत्या. आरशात बघितलं. भाजलेली कातडी तव्यासारखी काळी पडली होती आणि तिच्यावर डाग आधीपेक्षा चौपट पांढरे. रस्त्याच्या पलीकडून दिसतील असे. जे झाकायला गेलो तेच उजळून आणलं होतं. सुमननं बघितलं, पदर डोळ्यांना लावला आणि भात टाकायला गेली.

पुण्याची माणसं त्या आठवड्यात यायची होती. आदल्या रविवारी नंदा आणि केतकी आल्या. जेवणं झाल्यावर सुमननं विषय काढला. तिनं सगळा विचार करून ठेवला होता.

"बर्फात भाजलं म्हणून सांगायचं. भाजल्याचे पांढरे डाग राहतात, सगळ्यांना माहीत आहे. हॉस्पिटलचे कागद आहेत आपल्याकडे."

नंदा म्हणाली, "खोटं थोडंच आहे, बाबा. भाजलं तर आहेच."

मला पटलं. अगदी मनापासून पटलं, इतके दिवस सुचलं कसं नाही असं वाटलं. एवढा सगळा भोग भोगला, त्यातून निदान हे तरी हाताला लागलं. मी मान हलवली. निखिलला माहीत आहे त्याचं काय, असं नंदानं विचारलं. त्याला गप्प बसायला सांगू, सुमन म्हणाली. मुलगा समजूतदार आहे.

केतकी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आजीकडे नाही.

"आजोबा, उद्या मला झाला तर? मला पण लपवणार तुम्ही?"

सुमन म्हणाली, असलं काही बोलू नये. केतकी म्हणाली, "मी फक्त विचारलं." उत्तराची वाट बघत ती जरा वेळ बसली. मग उठली, कोट घातला, आईला म्हणाली चल, उशीर होतो. जाताना दर वेळी माझ्या पाया पडते, त्या दिवशी पडली नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सुमननं भाताचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, लहान आहे, समजेल तिला.

मला मात्र वाटत होतं की समजायचं कुणाला बाकी आहे ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, उजव्या डोळ्यात थेंब घातले, दाढी केली आणि टोपी न घालता हॉलमध्ये आलो. पुण्याचा नंबर सुमननं फोनशेजारी लिहून ठेवला होता. तिकडे दुपार झाली असणार. मी आकडे दाबले. निखिलच्या वडिलांनीच उचलला. ते प्रवासाच्या तयारीचं सांगायला लागले, इकडे थंडी किती आहे ते विचारायला लागले. मी त्यांना थांबवलं.

"तुम्ही निघायच्या आत एक सांगायचंय. मी केतकीचा आजोबा. मला कोड आहे. तोंडावर आहे, हातांवर आहे. तुम्ही याल तेव्हा दिसेलच. कुणी भाजलं म्हणून सांगितलं तर ऐकू नका, कोडच आहे."

सुमन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं फोनसाठी हात पुढं केला. पलीकडे अजून कुणी काही बोललं नव्हतं. मी मान हलवून तिला नाही म्हटलं आणि फोन कानाशी तसाच धरून उभा राहिलो.